दिवाणखान्यातला समुद्र

धुळ्याला देवपुरात आमचे व्याही राहतात. माणूस मोठा हौशी. निवृत्तीनंतर कुणी तीर्थयात्रा करते, कुणी परसात भाजीपाला लावते. आमच्या व्याह्यांनी दिवाणखान्यात समुद्र आणला. निमित्त नातवाचे. चित्रपटात पाहिलेला, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा त्याला हवा होता, आणि तो मासा ज्याच्या कुशीत राहतो ते समुद्रफूलही हवे होते. मुंबईच्या बाजारातून मासा आला, समुद्रफूल आले, पाकिटबंद समुद्री मीठ आले. प्रश्न उरला पाण्याचा. मी जळगावात उभा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलेला, तेव्हा सल्ला माझा घेतला गेला. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणीही तसेच जड. तेव्हा पाकिटातले मीठ बोअरच्या पाण्यातच विरघळवावे, उत्तमच होईल, असे मी छातीठोकपणे सांगून टाकले.

पुढे मे महिना आला. खानदेशातला मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. टाकीच्या काचेवर शेवाळाची हिरवी लोकर चढली. समुद्रफुलाचा तपकिरी रंग दिवसेंदिवस उतरत गेला आणि ते कापसाच्या बोंडासारखे पांढरे पडले. नातवाने मला फोन करून विचारले, आजोबा, फूल का मरते आहे? आपले आजोबा प्राध्यापक आहेत याचा त्याला फार अभिमान. मला उत्तर देता येईना. त्या उत्तराच्या शोधात पुस्तके चाळता चाळता एका माणसाची गाठ पडली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी समुद्राचे पाणी कसे बनवावे, हा प्रश्न त्याने जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडवला होता, आणि सोडवताना काहीशी माझ्यासारखीच चूकही केली होती. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस. आज जगभर काचेच्या टाकीला ‘अॅक्वेरियम’ म्हणतात. हा शब्द रूढ केला तो याच गृहस्थाने.

गॉसचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर गावी झाला. वडील गावोगाव हिंडून लोकांची लहान लहान व्यक्तिचित्रे रंगवायचे. त्या धंद्यात कला होती, पैसा नव्हता. बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. तिथे एका आत्याने त्याला खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रफुले पाहायला शिकवले. वडिलांकडून कुंचला आणि आत्याकडून दृष्टी, एवढीच काय ती वडिलोपार्जित इस्टेट. सतराव्या वर्षी पोटासाठी तो न्यूफाउंडलंडला एका पेढीवर कारकून म्हणून गेला. तिथे 1832 साली सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले आणि त्याला निसर्गाचे वेड लागले ते कायमचे. पुढे कॅनडात शेती करून पाहिली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामाला शाळामास्तर झाला. तिथली गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि 1839 साली तो रिकाम्या हाताने मायदेशी परतला. नंतर 1844 ते 1846 या काळात जमैका बेटावर पक्षी गोळा करीत हिंडला आणि त्यावरच्या पुस्तकांनी त्याला नाव मिळवून दिले. लेखणी आणि कुंचला हाच आता त्याचा चरितार्थ झाला. 1848 साली त्याने एमिली बोझ या धर्मनिष्ठ लेखिकेशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली म्हणून 1852 च्या आरंभी गॉस कुटुंब लंडन सोडून डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हातोडी-छिन्नीने खडक फोडू लागला. समुद्रफुले आणि इवलेसे प्रवाळ बरण्यांत भरून घरी आणू लागला. एकदा तर चवीचे कुतूहल म्हणून त्याने समुद्रफुले शिजवून खाल्लीसुद्धा! पण मुख्य ध्यास होता तो हे जीव घरात जिवंत ठेवण्याचा.

या वाटेवर तो एकटा नव्हता. अॅना थिन या बाईंनी 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून लंडनला प्रवाळ आणले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी रोज उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतले जाई. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 साली दाखवले की पाण्यात वनस्पती आणि प्राणी योग्य प्रमाणात ठेवले तर ते एकमेकांना तारतात: प्राण्याने सोडलेला कर्बवायू वनस्पती घेते आणि उजेडात प्राणवायू परत करते. काचेवरचा कर 1845 साली उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यासाठी डेव्हनहून जीव पाठवणाऱ्यांत गॉस होता.

राहिली होती ती एकच अडचण, आणि ती नेमकी आमच्या व्याह्यांची. समुद्र किनाऱ्यावर असतो आणि माणसे कुठेही राहतात. जळगावहून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास. तापीमाय आपल्या दारावरून वाहत जाऊन सुरतेपुढे त्याला मिळते खरी, पण तिच्या उलट दिशेने समुद्र काही आपल्याकडे येत नाही. लंडनमध्येही समुद्राचे पाणी पिपांतून आणावे लागे, ते महाग पडे आणि वाटेत नासे. पुन्हा लंडनला परतलेल्या गॉसने 1854 च्या एप्रिलमध्ये ठरवले की समुद्र आणण्यापेक्षा बनवावा.

ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे एक रासायनिक पृथक्करण छापलेले होते. गॉसने ते समोर ठेवले. त्यातली नगण्य वाटणारी द्रव्ये वगळली आणि चारच क्षार घेतले: साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड 200 ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड 40 ग्रेन. हे सारे चार क्वार्टांहून किंचित कमी, म्हणजे साधारण साडेचार लिटरपेक्षा थोड्या कमी पाण्यात विरघळवायचे. पाणी गाळून त्यात आधी समुद्री शेवाळ लावले आणि काही दिवसांनी प्राणी सोडले. ते जगले. चार पुड्यांत समुद्र बांधला गेला. त्याच वर्षी त्याचे ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, त्यातली रंगीत चित्रे त्याच्याच हातची होती, आणि इंग्लंड अक्षरशः वेडे झाले. ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात काचेची टाकी आली. लंडनमध्ये समुद्रफुले विकणारी दुकाने निघाली. दोन वर्षांनी रॉयल सोसायटीने गॉसला सभासद करून घेतले.

आता त्याच्या यादीत काय नाही ते पाहू. चुना नाही! समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम सल्फेट फार कमी विरघळतो आणि असतोही थोडा, अशा विचाराने गॉसने तो गाळला. रसायनाच्या हिशेबात ही चूक लहान नव्हे. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शियम चारशे मिलिग्रॅमच्या थोडे वर. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या संयोगातून अरॅगोनाइट नावाचा चुनखडीचा प्रकार तयार होतो आणि प्रवाळ आपले घर बांधतो ते त्याचेच. समुद्रफुलाला हाडे नाहीत, सांगाडा नाही. त्याचे या पाण्यात भागले. लंडनचे पाणी मुळातच जड, थोडाफार चुना त्यातूनही मिळाला असणार. पण सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळाला तेवढ्यावर वाढता आले नसते. गवंडी उभा आहे आणि चुनाच नाही, अशातली ती गत.

प्रवाळ पाण्यातून नुसता कॅल्शियम घेत नाही, बायकार्बोनेटही खेचतो. दोन्ही एकाच प्रमाणात संपत जातात. बायकार्बोनेट घटले की पाण्याचा सामू ढळू लागतो. समुद्रात तो 8.1 च्या जवळपास असतो. म्हणून युरोप-अमेरिकेत टाकीत प्रवाळ वाढवणारे लोक दर आठवड्याला तीन गोष्टी मोजतात: कॅल्शियम, बायकार्बोनेटचा साठा आणि मॅग्नेशियम. मॅग्नेशियम लागते ते अशासाठी की त्यामुळे पाण्यातला चुना वेळेआधीच खाली बसत नाही. घटलेला कॅल्शियम भरून काढण्याचा त्यांचा एक जुना उपाय वाचून मला हसू आले. चुन्याची निवळी! विड्याच्या पानाला लावायचा तो चुना पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी रात्री थेंब थेंब टाकीत सोडायचे. ती कॅल्शियम देते आणि पाण्यातला जास्तीचा कर्बवायू बांधून घेऊन त्याचे कार्बोनेट करते. थेंब थेंबच का, तर निवळीचा सामू बाराच्या पुढे. एकदम ओतली तर टाकीतला जीव भाजून निघेल.

मग बोअरचे जड पाणी का चालले नाही? इथे माझे अर्धे शहाणपण उघडे पडते. पाकिटातल्या मिठात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच मोजूनमापून घातलेले असते, शुद्ध पाण्याच्या हिशेबाने. त्यात बोअरच्या पाण्यातले आणखी पडले की प्रमाण बिघडते. आणि भूजलात नुसता चुना येत नाही. शेतात टाकलेल्या खताचा नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपतो. केळीला आणि कपाशीला जे अन्न, तेच टाकीत शेवाळालाही अन्न. प्रवाळांच्या समुद्रात नायट्रेट आणि फॉस्फेट नावालाच असतात, म्हणून तर ते पाणी इतके नितळ. फॉस्फेट वाढला तर चुन्याचे स्फटिक बनण्यातच अडथळा येतो. म्हणजे समुद्र बनवायचा तर आरंभ अगदी कोऱ्या पाण्यापासून करावा लागतो. गॉसने एक द्रव्य कमी घातले, मी नको ती चार जास्त घातली. दोघांचीही चूक एकच: जे मोजले नाही ते महत्त्वाचे नाही असे मानले.

पाणी झाले; उजेड राहिला. गॉसला उजेडाचे महत्त्व कळत होते, पण वनस्पतीपुरते. त्याने हाताळलेला डेव्हनचा पेल्याच्या आकाराचा प्रवाळ थंड, अंधुक पाण्यात वाढणारा. शिकारीवर जगणारा, त्याला उन्हाची गरज नाही. उष्ण कटिबंधातले डोंगराएवढे खडक उभारणाऱ्या प्रवाळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते; प्रवाळ त्याला आसरा आणि खत देतो. या पिवळ्या-तपकिरी पेशी म्हणजे स्वतंत्र शैवाल आहे हे कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने 1881 साली सांगितले. गॉस तेव्हा सत्तरीत होता. आणि योगायोग पाहा, ज्या जमैकात तो ऐन तारुण्यात पक्ष्यांमागे हिंडला, त्याच बेटावर थॉमस गोरो या शास्त्रज्ञाने किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून दाखवले की प्रवाळ अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने सांगाडा बांधतो. ते साल होते 1959. चुना आणि ऊन ही दोन्ही एकाच बांधकामाची सामग्री आहे हे तेव्हा पक्के झाले.

ऊन कोणते, हाही प्रश्न आहेच. 1921 साली इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बोटीवरून समुद्राची निळाई न्याहाळली आणि बोट मुंबई बंदरात असताना तिचे कारण सांगणारे टिपण ‘नेचर’ नियतकालिकासाठी लिहिले. पाण्याचे रेणू निळा प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवले. शिवाय पाणी तांबडा प्रकाश शोषते. काही मीटर खोल गेले की तांबडे किरण संपतात आणि निळे मात्र खोलवर पोहोचतात. प्रवाळातल्या शैवालाची रंगद्रव्ये याच निळ्या प्रकाशावर चालायला सरावली आहेत. म्हणून प्रवाळाच्या टाकीवर निळसर पांढऱ्या उजेडाचे दिवे लावतात. पूर्वी मेटल हॅलाइडचे असत, आता एलईडीचे आहेत. रोज आठ-दहा तास उजेड आणि मग अंधार. नवा दिवा एकदम पूर्ण जोरात लावायचा नाही, हळूहळू वाढवायचा. उजेड फार झाला, किंवा पाणी तापले, तर उलटेच घडते: शैवालाचे काम बिघडते, प्रवाळ त्याला अंगातून बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 1998 साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले होते.

व्याह्यांचे समुद्रफूल पांढरे का पडले, हे मला इथे कळले. त्याच्याही अंगात तेच शैवाल होते. टाकीवर होता घरातलाच पिवळसर दिवा. मे महिन्यात पाणी तापले होते, आणि भरीला आणखी एक गोष्ट घडत होती. टाकीतले पाणी उन्हाळ्यात रोज आटे. व्याही मिठाचे पाणी करून ते भरून काढीत. पण आटते ते नुसते पाणी, मीठ मागे राहते. रोज मिठात मिठाची भर पडत होती. साधे शुद्ध पाणी घालायला हवे होते. प्राध्यापकाने हे सांगायला हवे होते.

पुन्हा गॉसकडे वळतो. कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्याच्यावर दोन आघात झाले. फेब्रुवारी 1857 मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फालोस’ नावाचे पुस्तक लिहिले. खडकांतले जीवाश्म पृथ्वीचे दीर्घ वय सांगत होते आणि त्याची श्रद्धा बायबलमधल्या सहा दिवसांवर होती. दोन्हींचा मेळ घालण्यासाठी त्याने मांडले की ईश्वराने पृथ्वी निर्मिली ती वयाच्या खुणांसह. शास्त्रज्ञांनी ते मानले नाही आणि धार्मिकांनाही ते रुचले नाही. सात वर्षांच्या पोरक्या मुलाला घेऊन तो डेव्हनला सेंट मेरीचर्च गावी कायमचा राहायला गेला. तिथे ओहोटीमागून ओहोटी डबक्यांत वाकून त्याने ब्रिटनमधल्या समुद्रफुलांचा आणि प्रवाळांचा ग्रंथ लिहिला, तो 1858 ते 1860 या काळात प्रसिद्ध झाला. सृष्टीच्या वयाचे त्याचे गणित चुकले असेल. पण त्या ग्रंथातली चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत.

आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत ती डबकी रिकामी होऊ लागली. त्याची पुस्तके वाचून माणसे आगगाडीने किनाऱ्यावर येत, बादल्या आणि छिन्न्या घेऊन. खडक खरवडले गेले. घरी नेलेले बहुतेक जीव आठवड्याभरात मरत आणि त्यांच्या जागी नवे आणले जात. मुलगा एडमंड पुढे मोठा लेखक झाला. 1907 साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात त्याने सांगितले आहे की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेला तो किनारा उद्ध्वस्त झाला, आणि या अनर्थाला आपलीच पुस्तके कारण झाली हे वडिलांना उमगले व फार लागले. एका एका जिवासमोर भक्तिभावाने वाकणारा हा माणूस. समुद्राचे सोपे पाणी त्याने लोकांना दिले. त्याच्या हातातला सांभाळ मात्र पुस्तकातून देता आला नाही. 23 ऑगस्ट 1888 रोजी गॉस वारला.

आपल्याकडे कायद्याने हा सांभाळ सक्तीचा केला आहे. 2001 सालापासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आहेत. मालवणच्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. 2020 साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायचे झाले, तेव्हा रीतसर परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ते दुसरीकडे लावावे लागले. समुद्रफुलाला असे कवच नाही. ते बहुतेक करून कुठल्या तरी खडकावरून उपटूनच बाजारात येते. मासा टाकीत पैदा होतो, फूल सहसा होत नाही.

व्याह्यांचे समुद्रफूल जुलैच्या आधीच गेले. मी धुळ्याला जाऊन नातवासमोर बसलो आणि माझ्या चुका एकामागून एक त्याला सांगितल्या: बोअरचे पाणी, दिवा, मीठ. व्याह्यांसमोर सांगताना थोडे जड गेले. त्यांनी मोठ्या मनाने ऐकून घेतले आणि शेवभाजी वाढायला सांगितली. नंतर आम्ही सगळे पाणी उपसले, आरओचे पाणी आणून त्यात नवे मीठ कालवले, दिवा बदलला, टाकीवर पंखा लावला. मासा तसा काटक निघाला. फुलावाचूनही तो मजेत आहे.

नातवाने एक वही घातली आहे. तारीख, तापमान, मीठ, सामू, नायट्रेट असे रकाने आखले आहेत. सलग सहा महिने आकडे जागचे हलले नाहीत, तरच नव्या समुद्रफुलाचा विचार करायचा, असे त्याने स्वतःच ठरवले आहे. मागच्या खेपेला मी वही पाहिली. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा तापमान चढले होते, तिथे त्याने लाल शाईने गोल केला होता आणि शेजारच्या रकान्यात महिन्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली होती.